नाशिकमध्ये १९६८ च्या फियाट ११०० च्या डॅशबोर्डचा मूळ रंग कसा जुळवून घ्यावा?

डॅशबोर्डच्या वरच्या भागावरून रंग जुळवू नका. पन्नासेक वर्षांच्या उन्हाने तो फिकट पडलेला असतो. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडून आतली कड बघा, किंवा स्पीडोमीटर काढून त्याच्याखाली झाकलेला पत्रा बघा. तिथे रंग बऱ्यापैकी शाबूत मिळतो. ओल्या फडक्याने पुसा, रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासून साफ करणारी पेस्ट) हलक्या हाताने फिरवा. मळाचा पिवळा थर निघाला की खरी छटा दिसते. माझ्या गाडीत ‘क्रीम’ समजलेला रंग आतून चक्क राखाडी निघाला होता.

ते झाकणच सोडवून रंगाच्या दुकानात न्या, मोबाइलवरचा फोटो नको. मशीनने स्कॅन केलं तरी आधी शंभर मिली रंग बनवून घ्या, पत्र्याच्या तुकड्यावर मारा, पूर्ण वाळू द्या आणि मग झाकणाशेजारी ठेवून सकाळच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो.

चमकही सांगून घ्या. बाहेरच्या बॉडीइतकी चकाकी आत ठेवली तर समोरच्या काचेत प्रतिबिंब पडून डोळ्यांना त्रास होतो. मॅटिंग (चमक कमी करणारं मिश्रण) मिसळून सेमी-ग्लॉस, म्हणजे अर्धवट चमकीचा, करायला सांगा.

गंज असेल तर तो घासून काढा आणि उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा, गंज रोखणारा थर) मारा. हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळायचा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, रंग मारताना योग्य मास्क हवाच, साधा रुमाल अजिबात चालणार नाही. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर, ऊन चढल्यावर मारा.