वाचकांचे प्रश्न : मुलाने 'तसल्या' एरियात फ्लॅट घेतलाय!

प्रश्न : माझा मुलगा वॉशिंग्टनला नोकरीला लागलाय. यू स्ट्रीटजवळ शॉ म्हणून भाग आहे तिथे त्याने भाड्याने फ्लॅट घेतला. न्यू जर्सीच्या माझ्या नणंदेने ऐकल्याबरोबर "अगो, तो काळ्यांचा एरिया, तिथे कशाला गेला" म्हणून माझी झोप उडवली. मुलगा म्हणतो, आई इथे आता सगळे माझ्यासारखेच लॅपटॉपवाले आहेत. भाड्याचा आकडा ऐकून तर मला घेरीच आली, एरिया वाईट तर भाडं एवढं कसं? आणि शेजारचे एक वयस्कर ब्लॅक गृहस्थ त्याला हसत हसत म्हणाले की तुम्ही आलात आणि आमचे लोक गेले. तिथे झालंय तरी काय? – एक आई, फोंडा

उत्तर : ताई, आधी निवांत झोपा. नणंदबाई सांगतायत ती बातमी जुनी आहे, आणि जेव्हा ताजी होती तेव्हाही अर्धीच होती.

वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी बंद झाली १६ एप्रिल १८६२ ला, म्हणजे गुलामगिरी चालू असलेल्या बाकी राज्यांच्या आधी. (आणि भरपाई मिळाली मालकांना, माणशी ३०० डॉलरपर्यंत! सुटलेल्या माणसांना नाही.) मग १८६७ ला हॉवर्ड युनिव्हर्सिटी निघाली, तिच्या आजूबाजूला प्रोफेसर, डॉक्टर, वकील, शिंपी, न्हावी, सरकारी कारकून असे सगळ्या थरातले ब्लॅक लोक राहायला लागले. आवडीने राहिले हे खरं, पण दुसरीकडे जायची सोय नव्हती हेही तितकंच खरं. कारण शहरात ठिकठिकाणी घराच्या खरेदीखतातच कलम असायचं की हे घर निग्रो माणसाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. आपल्याकडे आडनाव विचारून, मासे-मटण खाता का विचारून "नंतर कळवतो" म्हणतात ना, तिथे ते चक्क रजिस्टर करून ठेवलेलं.

तर अशा कुंपणाच्या आत या लोकांनी आपलं अख्खं गाव उभं केलं. १९०३ ला ट्रू रिफॉर्मर बिल्डिंग झाली, तिचा आर्किटेक्ट ब्लॅक, पैसा ब्लॅक संस्थेचा, बांधणारे ब्लॅक. १९१० ला हॉवर्ड थिएटर, १९१३ ला स्वतःची बँक, १९१९ ला व्हाइटलॉ हॉटेल, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात या लोकांना खोलीच मिळायची नाही, मग तो कितीही मोठा गवई असो की पुढारी. जाझ संगीताचा बादशहा ड्यूक एलिंग्टन याच गल्ल्यांत वाढला. कार्टर वुडसन नावाच्या इतिहासकाराने १९२६ ला निग्रो हिस्टरी वीक सुरू केला, त्याचंच पुढे फेब्रुवारीचा ब्लॅक हिस्टरी मंथ झालं, तो शॉमधल्याच नाइन्थ स्ट्रीटवर राहायचा आणि ऑफिसही घरातच. तुमच्या मुलाच्या घरापासून चालत जाता येईल, त्याला सांगा एका रविवारी जाऊन ये म्हणून.

आता गंमत बघा. कुंपण तोडायची लढाई याच लोकांनी लढली. शेजारच्या ब्लूमिंगडेलमध्ये ब्रायंट स्ट्रीटवर ब्लॅक कुटुंबांनी घरं घेतली म्हणून गोऱ्या शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं, ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९४८ ला निकाल लागला की असली कलमं कोर्टाने राबवायची नाहीत. १९५३ ला शहरातल्या हॉटेलांना कुणाला रंगावरून परत पाठवायची बंदी झाली. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे तो आता डाउनटाउनला जेवायला मोकळा, दुसऱ्या मोहल्ल्यात घर घ्यायला मोकळा. डॉक्टर गेले, वकील गेले, पुढे हजारो कुटुंबं मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत बंगले बांधून स्थायिक झाली, आणि यू स्ट्रीटच्या दुकानांच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम झालाच. हा भाग सगळे विसरतात. सगळ्यांनाच कुणी हाकललं नाही, खूप जण आपल्या पायांनी गेले आणि बरं केलं.

राहिलेल्यांच्या नशिबी आलं १९६८. ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंगचा खून झाला आणि त्याच रात्री फोर्टीन्थ आणि यू स्ट्रीटच्या नाक्यावर लोक उतरले. पुढचे काही दिवस जाळपोळ, लष्कर शहरात. दुकानदार काचेवर "सोल ब्रदर" असं खरडून ठेवायचे, म्हणजे दुकान आपल्या माणसाचं आहे, फोडू नका. त्यातच एक बेन्स चिली बोल, १९५८ पासूनचं खानावळवजा हॉटेल, मूकपटांच्या जुन्या थिएटरच्या इमारतीत. मालक बेन अली, त्रिनिदादचा, भारतीय वंशाचा, हॉवर्डला दातांच्या डॉक्टरकीचं शिकलेला, पण ते सोडून त्याने आणि बायको व्हर्जिनियाने हे काढलं. दंगलीत कर्फ्यू असतानाही त्यांना उघडं ठेवायची परवानगी होती, पोलीस आणि आंदोलक एकाच काउंटरवर खायचे. तिथे हाफ स्मोक म्हणून मसालेदार सॉसेज मिळतं, वर चिली. आपल्या चोरिसवर वाढलेल्या माणसाला पचायला हरकत नाही.

दंगलीनंतर जळक्या इमारती वर्षानुवर्षं तशाच उभ्या. भाडं पडलं, ड्रग्ज आले, आणि नणंदबाईंच्या डोक्यात जो एरिया बसलाय तो हाच. नंतर मेट्रोचं खोदकाम आलं, रस्ताच फोडून ठेवलेला, तग धरून असलेली दुकानं त्यात बुडाली. (पणजीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको, स्मार्ट सिटीच्या नावाने काय काय गिळलं ते त्यांनी बघितलंय.) १९९१ ला स्टेशन उघडलं आणि मग पैसेवाल्यांना एकदम शोध लागला की अरे, हे तर शहराच्या मधोमध आहे! १९७० ला वॉशिंग्टनमध्ये शंभरात एकाहत्तर लोक ब्लॅक होते, लोक प्रेमाने चॉकलेट सिटी म्हणायचे. २०११ च्या सुमारास ते निम्म्याखाली आले, २०२० च्या जनगणनेत साधारण एक्केचाळीस टक्के.

माझ्या मते या सगळ्यात खरी बोच इथे आहे. वाईट दिवसांत ज्यांनी मोहल्ला धरून ठेवला त्यांना चांगले दिवस परवडेनात. स्वतःचं घर असेल तर घराची किंमत वाढते पण त्याबरोबर घरपट्टीही वाढते, आणि पेन्शनवरच्या म्हातारीला वाढलेली किंमत काय चाटायचीय, ती विकेल तेव्हाच हातात येणार. भाडेकरूचं तर विचारूच नका. १९८० ला तिथे कायदा झाला की मालक इमारत विकत असेल तर आधी भाडेकरूंना विचारायला हवं, त्यांनी संघटना करून पैसा उभा केला तर पहिला हक्क त्यांचा. आपल्या गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार कायद्याची आठवण येते ना? मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याला, जसं राहत्या घराचं खरेदीचं बळ दिलं तसंच काहीसं. काही इमारती या कायद्याने वाचल्या, बऱ्याच ठिकाणी भाडेकरू थोडे पैसे घेऊन गेले. भाटकार-मुंडकार प्रकरणं ज्यांनी मामलेदार कचेरीत बघितलीयत त्यांना सांगायला नको की कागदावरचा हक्क आणि हातातलं घर यात किती फेऱ्या असतात.

२०१९ मध्ये तर वेगळंच झालं. सेव्हन्थ स्ट्रीट आणि फ्लोरिडा अव्हेन्यूच्या नाक्यावरचं एक मोबाईलचं दुकान कितीतरी वर्षं बाहेर स्पीकर लावून गो-गो वाजवायचं. गो-गो हे वॉशिंग्टनचं स्वतःचं संगीत, ढोलताशासारखं न थांबता चालणारं, चक ब्राउनने रुजवलेलं. जवळच्या नव्या महागड्या बिल्डिंगमधून आवाजाची तक्रार गेली आणि स्पीकर बंद. मग लोक रस्त्यावर आले, नाक्यावर बँड आणून वाजवले, "डोन्ट म्यूट डीसी" म्हणत, आणि थोड्याच दिवसांत स्पीकर परत सुरू झाला. पुढच्या वर्षी शहराने कायदा करून गो-गोला अधिकृत संगीत ठरवलं. संगीत वाचलं, त्यावर नाचणारे किती जण त्या नाक्यावर राहू शकतात हा वेगळा हिशोब.

तेव्हा मुलाने काही पाप केलेलं नाही, त्याने बाजारभावाने घर घेतलंय. फक्त त्या गृहस्थांना परत भेटला तर मान खाली घालून पळू नये, बसून ऐकावं, त्यांना सांगायचं असणार. आणि आवाजाची तक्रार करायच्या आधी त्या आवाजाचं वय विचारावं. बाकी रात्री उशिरा कानात हेडफोन घालून फिरू नकोस हे कुठल्याही शहरात सांगाल तेवढंच सांगा.

प्रश्न : डॉ. लोहियांना अमेरिकेतही अटक झाली होती असं सर म्हणाले. मला वाटलं गोव्याचंच सांगतायत. खरं का? – कॉलेज विद्यार्थी, मडगाव

उत्तर : खरंय. पोर्तुगीज राजवटीविरुद्धची लोहियांची मडगावची सभा १८ जून १९४६ ची, हे तुला पाठच असणार. त्यानंतर अठरा वर्षांनी, मे १९६४ मध्ये, तेव्हा ते लोकसभेचे खासदार होते, मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात ते एका फक्त गोऱ्यांसाठीच्या कॅफेटेरियात गेले. परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी धोतर-कुडत्यात पुन्हा गेले, आधी कळवून. पोलिसांनी गाडीत घातलं, थोड्या वेळाने सोडलं, मग अमेरिकी परराष्ट्र खात्याची दिलगिरी वगैरे. असल्या भेदभावावर बंदी घालणारा सिव्हिल राइट्स कायदा २ जुलैला सहीनिशी आला, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याने. लोहियांमुळे आला असं मात्र पेपरात लिहू नकोस, मार्क जातील.

प्रश्न : फोंतेन्हासमध्ये आमच्या दारात रोज प्रीवेडिंग शूट. शेजारची घरं गेस्ट हाऊस झाली. आमचंही न्यू यॉर्कमधल्या ब्लॅक मोहल्ल्यासारखं, हार्लेमसारखं होणार का? दुसरं, गोव्यातही आफ्रिकन गुलाम होते म्हणतात, मग त्यांचा वाडा कुठे? – मळा, पणजी

उत्तर : दोन्हींचा धागा तुमच्याच गल्लीतून जातो. फोंतेन्हास वसवलं ते आंतोनियु जुआंव द सिकेरा या गोंयकाराने, अठराव्या शतकाच्या शेवटाला, माडांच्या भाटात. पैसा त्याने कमावला मोझांबिकला, म्हणून लोक त्याला मोसमीकारच म्हणायचे. हार्लेमशी तुलना मला पूर्ण पटत नाही. तुम्हाला फोंतेन्हासमध्येच राहा, बाहेर पाय टाकू नका असं कुणी बजावलं नव्हतं. पण वारस पोर्तुगाल-इंग्लंडला, घर दुरुस्तीचा खर्च अवाच्या सवा, आणि दिल्लीचा गिऱ्हाईक रोख घेऊन दारात, एवढं जमलं की माणसं निघून रंग तेवढा भिंतीवर राहतो. शूटवाल्यांना सरळ हटका, तुमचा उंबरठा आहे तो.

गुलामांचं म्हणाल तर वेगळा वाडा शोधू नका. ते मालकाच्याच घरात असायचे. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावरच्या लिलावाचं वर्णन केलंय, कापडचोपड, घोडे आणि माणसं एकाच बाजारात. पालखी वाहायला, मालकाच्या डोक्यावर छत्री धरायला, स्वयंपाकघरात हेच लोक. पोर्तुगालने आपल्या सगळ्या वसाहतींत गुलामगिरी कायद्याने बंद केली ती १८६९ ला. त्याआधीच कितीतरी जण पळून घाटावरच्या रानात गेले होते. यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याकडचे सिद्दी हे बरेचसे त्यांचेच वंशज, हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन तिन्ही धर्मांचे. कर्नाटकात २००३ ला त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आणि त्यातले पुष्कळ जण घरात अजूनही कोकणीच बोलतात, तेव्हा गेलात तर दुभाषा लागणार नाही.