नवऱ्याला टीबी, घरात अडीच वर्षांची मुलगी: आधी काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याच्या बेडक्यात टीबी निघालाय, गोळ्या परवाच सुरू झाल्यात, मुलगी अडीच वर्षांची, घर वन आरके. त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढलाय, चादरी उकळून धुताय आणि रविवारी मुलीला साताऱ्याला आईकडे सोडून यायचं म्हणताय.

ताई, साताऱ्याला आत्ता नेऊ नका. आधी तिची तपासणी, मग काय ते ठरवा.

मी डॉक्टर नाही. २०१९ च्या जुलैत मलाच फुफ्फुसाचा टीबी निघाला, तेव्हा मुलगा चौदा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता. डोंबिवलीत आमचंही घर एवढंच. पावसाळी खोकला समजून महिनाभर काढला, दोनदा अँटिबायोटिक घेऊन झालं, तिसऱ्या डॉक्टरांनी थुंकी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या ताटाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका काढला, घासताना सरमिसळ नको म्हणून. त्यांनी लहानपणी जे पाहिलं तेच केलं, राग नाही. पण त्याच रात्री पाऊस आत येतो म्हणून खिडकी घट्ट लावलेली, दोरीवर ओले कपडे, आणि बाळ माझ्या कुशीत. ताट वेगळं, हवा मात्र एकच.

टीबी ताटातून, चादरीतून, हात लावल्याने जात नाही. खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही जे बारीक कण उडतात ते बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. चादरी उकळण्यात जी ताकद घालवताय ती खिडक्यांवर खर्च करा.

आता साताऱ्याचं. नवऱ्याला दोन महिने खोकला होता म्हणताय. म्हणजे मुलीला लागण व्हायचीच असेल तर ती बहुधा रिपोर्ट यायच्या आधीच झालीय. ती इथे ठेवून साताऱ्याला जाता येत नाही, मुलीबरोबरच जाते. तिथे आजीला वाटणार, नात आता सुरक्षित आहे. मग महिन्याभराने बारीक ताप आला, जेवण कमी झालं, तर 'हवा बदललीय' म्हणून सोडून देतील. मला भीती आहे ती याची. पाच वर्षांखालच्या मुलांत, त्यातही दोनच्या आतल्या, लागणीचं आजारात रूपांतर होण्याची शक्यता मोठ्या माणसांपेक्षा खूप जास्त असते आणि ते झपाट्याने होऊ शकतं. बीसीजी दिलीय म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण फुफ्फुसाच्या टीबीची खात्री देत नाही.

म्हणून उद्या सकाळी नवऱ्याचे रिपोर्ट आणि मुलीचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जिथून त्यांच्या गोळ्या मिळतात तिथेच जा. म्हणा, घरात पाचच्या आतलं मूल आहे, तिची तपासणी करून प्रतिबंधक औषध द्या. सरकारच्या राष्ट्रीय टीबी कार्यक्रमात हे फुकट मिळतं. तिथे गर्दी असते, कोणी आपणहून विचारेलच असं नाही, तुम्ही मागा. ते वजन करतील, ताप-खोकला-भूक विचारतील, लागला तर छातीचा एक्स-रे काढतील. तिला टीबी झालेला नाही हे पक्कं झालं की प्रतिबंधाचं औषध सुरू होतं. झालेला असेल तर पूर्ण उपचार, आणि तेही वेळेवर सापडले तर मुलं छान बरी होतात. नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स'समोर काय लिहिलंय ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर मुलीचं औषधही बदलतं.

मॅन्टू टेस्ट, म्हणजे टीबीची लागण झालीय का ते बघायची, सांगितली तर वार बघून करा. हातावर टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत फोड मोजून घ्यायला परत जावं लागतं. आम्ही शुक्रवारी टोचून घेतली. रविवारी सगळं बंद, सोमवारी मोजणारा माणूस रजेवर, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मुलाने दोन्ही वेळा दवाखाना डोक्यावर घेतला.

माझ्या मुलाला सहा महिने रोज आयसोनियाझिड होतं, वजनामागे किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याला १०० ची एक गोळी. सकाळी उपाशीपोटी चमचाभर पाण्यात विरघळवून. पहिला आठवडा निम्मी गोळी झबल्यावर जायची. मग नवऱ्याने युक्ती काढली: चमचा जिभेवर न ठेवता गालाच्या आत सोडायचा. दीड वर्षाचा होईपर्यंत तो त्याला 'खडू' म्हणायला लागला आणि सकाळी स्वतःच आ करायचा. तुमच्या मुलीच्या वयात आता कमी मुदतीचे कोर्सही देतात, कोणता ते डॉक्टर ठरवतील. मात्र महिना-दोन महिन्यांनी मूल टुणटुणीत दिसतं तेव्हाच चुकवायचा मोह होतो. आमचे चार डोस तसेच गेले, नंतर ओरडा खाल्ला.

एक लक्षात ठेवा. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे नवऱ्याची लघवी केशरी होईल, घाबरू नका. मुलीला नुसतं आयसोनियाझिड चालू असेल तर तिची तशी होता कामा नये. गडद लघवी, सतत उलट्या, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

घरात काय करायचं? औषधं लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा जोर खूप उतरतो. तेवढे दिवस नेटाने काढायचे. माझी गादी खिडकीखाली आली, नवरा आणि मुलगा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ झोपले. खिडकीबाहेर ताडपत्री तिरकी बांधली, पाऊस अडला आणि खिडकी रात्रभर उघडी राहिली. टेबल फॅन दाराशी ठेवून तोंड खिडकीकडे केलं, म्हणजे वारा मुलाकडून माझ्याकडे आणि तिथून बाहेर. उलटा ठेवलात तर माझा खोकला त्याच्या तोंडावर. तुमच्याकडे एसी असेल तर हे दोन आठवडे विसरा, खोलीतलीच हवा फिरवतो तो.

मास्क नवऱ्याने लावायचा, मुलीला नको. २०१९ साली घरात मास्क लावून बसलेली बाई म्हणजे अख्ख्या मजल्याला तमाशा होता. तुम्हाला निदान तेवढं सोपं जाईल. बेडका झाकणाच्या डब्यात, बेसिनमध्ये नाही. आणि दिवसा गॅलरीत, अंगणात, गच्चीवर बाप-लेकीला भेटू द्या. बाहेरच्या मोकळ्या हवेत धोका फार कमी. मी मुलाला दारात बसून, मास्क लावूनच पाजायचे. दूध तोडायची गरज नव्हती, डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं होतं. तो दर वेळी मास्क ओढायचा, मी मान वर करून बसायचे, मानेला वेगळंच दुखणं लागलं.

तुम्ही आणि घरात आणखी जे कोणी राहतात त्यांचीही तपासणी करा. टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिना १००० रुपये नवऱ्याच्या खात्यात येतात, माझ्या वेळी ५०० होते. त्यासाठी बँकेचं पासबुकही उद्याच पिशवीत टाका.

मुलीची तपासणी नीट निघाली, औषध सुरू झालं आणि तरी दोन आठवडे साताऱ्याला ठेवावंसं वाटलं, तर ठेवा. पण गोळ्या मोजून बरोबर द्या आणि आईला सगळं खरं सांगा, 'जरा बारीक ताप होता' असलं काही नको. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा. आमच्याकडे वाण्याच्या दुकानातला काटा होता, ९ किलो ८०० वरून सहा महिन्यांत ११ च्या थोडं वर.

एक्स-रेला जाताना आणखी कोणाला तरी सोबत न्या. तिला धरून उभं राहायला माणूस लागतं, आणि तुम्हाला दिवस गेले असतील तर तुम्हाला आत घेत नाहीत.