परदेशातील एका सत्रासाठी निघताना

छत्रपती संभाजीनगर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतील एका सत्रासाठी तुझी निवड झाल्याचे अण्णांनी फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. पुढच्याच वाक्यात त्यांनी विचारले, "सर, सहा महिन्यांसाठी एवढा खर्च करून पोरगी तिकडे नेमकं काय शिकणार?" या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते त्यांनाही वाचून दाखव.

कागदपत्रांचे आधी उरकून घेऊ. युरोपच्या श्रेयांक पद्धतीत वर्षाचे 60 आणि एका सत्राचे 30 श्रेयांक धरतात. तिथला कोणता विषय आपल्या कोणत्या पेपरऐवजी धरला जाईल, हे निघण्यापूर्वी सही-शिक्क्यानिशी लेखी घे. माझा एक विद्यार्थी "आल्यावर बघू" एवढ्या तोंडी भरवशावर गेला होता. तो परतला तेव्हा भरवसा देणारे अधिकारी बदलून गेले होते, आणि तिथे उत्तम गुण मिळवूनही त्याला इथले तीन पेपर मागच्या वर्गातल्या मुलांबरोबर बसून द्यावे लागले. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तिथे 1.0 ही सर्वांत वरची श्रेणी असते आणि 4.0 ला कसेबसे उत्तीर्ण धरतात. तेव्हा गुणपत्रिकेसोबत त्या पद्धतीचा खुलासा करणारे पत्रही मागून आण, नाहीतर दहाच्या पट्टीची सवय असलेल्या आपल्या कार्यालयात तुझे 1.3 पाहून गैरसमज होईल. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत टळली की वर्गातली हजेरी कामाला येत नाही. व्हिसासाठी बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंटमध्ये) जी रक्कम ठेवाल (सप्टेंबर 2024 पासून ती दरमहा 992 युरो या हिशोबाने धरली जाते), ती एकदम हातात येत नाही, दर महिन्याला ठरावीक तेवढीच सुटते. खोलीची अनामत, विमा आणि गरम कपडे यांचा खर्च मात्र पहिल्याच महिन्यात येतो, त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असे सहा महिन्यांचे असले, तरी शिकवणे ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपते आणि मध्ये नाताळची सुट्टी येते. म्हणजे हाती खरे चौदा-पंधरा आठवडेच राहतात. मी 2006 च्या हिवाळ्यात तिथे एक सत्र शिकायला होतो आणि त्यातले पहिले सहा आठवडे मी गप्प बसून घालवले. इंग्रजी येत नव्हते असे नाही, आणि विषय तर माझाच होता. पण सरांसमोर आपण होऊन बोलू नये, विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, आणि चुकीचे बोलण्यापेक्षा न बोललेले बरे, हे शाळेपासून अंगात मुरलेले होते. तिथल्या चर्चासत्रात मात्र गप्प बसणाऱ्याला कोणी नम्र समजत नाही. त्याने वाचून आणलेले नाही असेच धरतात. आपली मुले तिथे अभ्यासात कमी पडतात असे मला कधीच वाटले नाही, ती या गप्प बसण्यात हरतात.

सातव्या आठवड्यात कठीण खडकातील भूजल हा विषय निघाला. प्राध्यापकांनी फळ्यावर बेसाल्टच्या थरांची आकृती काढली आणि पाणी नेमके कुठे साठते असे विचारले. वर्गात कोणी बोलेना. मी त्या आकृतीकडे पाहत होतो आणि मला आमची विहीर दिसत होती. वडील आणि चुलते उन्हाळाभर ती खोदत होते, तेव्हा मी काठावर बसून एकेक थर उतरताना पाहिला होता: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या नावाचा सच्छिद्र खडक आणि खाली सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. पाझर लागला तो मांजऱ्यात, पाषाणाच्या अगदी वर. पाषाण लागल्यावर गावातल्या जुन्या माणसांनी खाली जाण्यापेक्षा आडवे बोअर मारायला सांगितले होते. हे सगळे मी अडखळत, दोनदा वाक्य मोडून सांगितले. फळ्यापाशी जाऊन विहिरीचा छेद काढला आणि पाण्याची पातळी हिवाळ्यात कुठे असते, मे महिन्यात कुठे जाते, हेही दाखवले. मी थांबलो तेव्हा सगळे बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक करू लागले. माझे काही चुकले असे वाटून मी खडू खाली ठेवला. शेजारच्या मुलीने हळूच सांगितले की, तिथे टाळ्यांऐवजी बाक वाजवतात.

त्या दिवसापासून माझे सत्र खऱ्या अर्थाने सुरू झाले. प्राध्यापकांनी मला पुढच्या आठवड्यात अर्धा तास बोलायला सांगितले आणि प्रश्नांवर प्रश्न विचारले, त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे मला येत नव्हती. पातळी दर महिन्याला किती उतरते? आडव्या बोअरने शेजारच्या विहिरीचे पाणी कमी होते का? ज्या विहिरीवर मी लहानाचा मोठा झालो, तिच्याविषयी असे प्रश्न मला इथे कोणी विचारले नव्हते आणि मीही ते स्वतःला विचारले नव्हते. अण्णांना माझे उत्तर हेच आहे. पुस्तकातला विषय पोरगी इथेही शिकेल, पण आपल्याच रानाला असे प्रश्न विचारायची सवय तिला तिकडे लागेल.

आपल्या शहरात 1950 साली मिलिंद महाविद्यालय उभे करणाऱ्या बाबासाहेबांचे उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. 1913 मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिथल्या डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातील जातींवर. जे स्वतः भोगले होते, ते त्यांनी परक्या देशात शास्त्राच्या भाषेत मांडले. लंडनमध्ये डी.एस्सी.साठीही त्यांनी रुपयाचाच प्रश्न घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते, तरी 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1923 मध्ये ती पदवी पूर्ण केली. तुझ्या पाठीशी घर आहे आणि परतीचे तिकीट आहे, हे थोडे नाही.

डिसेंबरमध्ये तिथे चार-साडेचारलाच अंधार पडतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. आपल्या उन्हात वाढलेल्या माणसाला ते जड जाते. त्या दिवसांत खोलीत बसून राहू नकोस. दुपारी उजेड असेल तेवढा वेळ बाहेर चाल आणि एकटीने जेवण्यापेक्षा सामायिक स्वयंपाकघरात जेव. ज्वारीचे पीठ ने, पण भाकरी थापशील तेव्हा दोन जास्तीच्या थाप. आईला रोज फोन कर, मात्र तिच्या झोपेचा विचार ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. तुझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिचे रात्रीचे बारा.

निघायला अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात एक काम कर. तुमच्या विहिरीचा छेद वहीत काढ, थरांची नावे अण्णा सांगतील तशीच लिही आणि प्रत्येक थर किती परस (पुरुषभर उंचीचे माप) आहे ते त्यांनाच विचार. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोज. तू गेल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी, अण्णांनी तशीच मोजून तुला कळवावी. दोरीला फुटाफुटावर गाठी मारून ठेवलीस तर त्यांना सोपे जाईल. जाण्यापूर्वी ती वही मला दाखवायला ये.

तुझा,
सर