तलाव राखायचा तर आधी नाला राखावा लागतो

प्रश्न : आम्ही काटोल रोडच्या पुढे, गोरेवाडा तलावाकडे उतार असलेल्या भागात राहतो. काही वर्षांपूर्वी जिथे पऱ्हाटी आणि तूर उभी असे, तिथे आता एकामागून एक लेआऊट पडत आहेत. तलावाचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते, म्हणून आम्ही शेजाऱ्यांजवळ काळजी बोलून दाखवली. तेव्हा, ‘पाणी शुद्ध होऊनच घरी येते, मग वर काय बांधले याने काय बिघडते?’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. नागपूरचे बहुतेक पाणी आज पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येते. गोरेवाडा तलावाचा वाटा त्या मानाने लहान आहे. तरीही शंभराहून अधिक वर्षे या शहराची तहान भागवणारा, घराजवळचा आणि पावसावर भरणारा असा हा साठा आहे. दूरच्या जलाशयात पाणी कमी पडते त्या वर्षी जवळच्या साठ्याची किंमत कळते.

जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात तुरटी घालतात, गढूळपणा खाली बसू देतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. ही रीत उत्तम आहे, पण ती ठरावीक मर्यादेत काम करते. पाणी जितके गढूळ, तितकी तुरटी जास्त, तितका गाळ जास्त, आणि वाळूचे थर उलट्या प्रवाहाने वारंवार धुवावे लागल्यामुळे शुद्ध केलेले पाणीच त्यात खर्ची पडते. पाण्यात विरघळलेल्या वस्तूंची गोष्ट तर वेगळीच आहे. खतातून आणि मैल्यातून येणारे नायट्रेट तुरटीने खाली बसत नाही आणि वाळूत अडकत नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते; ते वाढले तर साध्या केंद्राजवळ त्यावर उपाय नसतो. पाण्यातील कुजका सेंद्रिय अंश क्लोरीनशी मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार करतो, आणि ती दीर्घकाळ पोटात जाणे हितावह नाही. म्हणजे घाण वाढली म्हणून क्लोरीन वाढवावे, तर त्यातून दुसरा प्रश्न उभा राहतो.

आता वरच्या बाजूला काय घडते ते पाहू. एक हेक्टर जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते अडीच लाख लिटर पाणी होते. गवताळ किंवा नांगरलेल्या जमिनीत त्यातील बराच भाग मुरतो आणि उरलेला सावकाश वाहतो. त्याच जागेवर सिमेंट रस्ते, गच्च्या आणि फरशीची अंगणे झाली, की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत नालीत उतरते आणि वाटेतला मुरूम, रस्त्यावरचे तेल, शेण, उघड्यावर टाकलेला कचरा सोबत नेते. पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत घाण असते, कारण आठ महिने जमिनीवर साचलेले सगळे ते एकदम उचलते.

मागच्या जून महिन्यात, मृगाचा पहिला सरासरीपेक्षा जोराचा पाऊस झाला त्या दिवशी, एका नव्या लेआऊटखालच्या ओहोळातून मी काचेची बाटली भरून घेतली. पाणी दुधाळ चहाच्या रंगाचे होते. रात्रभर ठेवल्यावर तळाशी बोटभर जाडीचा तांबूस थर बसला, पण वरचे पाणी सकाळीही निवळलेले नव्हते. उन्हात धरले तेव्हा पृष्ठभागावर तेलाचे निळे-जांभळे वलय फिरत होते. त्याच दिवशी थोड्या अंतरावर, गवत राखलेल्या शेताच्या बांधावरून उतरणारे पाणी दुसऱ्या बाटलीत भरले होते. त्याच्या तळाशी नखाच्या टोकाइतकीच माती होती.

त्या गाळाचा दोष केवळ तलावाची खोली कमी करणे एवढाच नाही. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून येतो, आणि फॉस्फरस हेच तलावातल्या शेवाळाचे खरे खाद्य आहे. एक ग्रॅम फॉस्फरसवर, कोरडे करून मोजले तर, सुमारे शंभर ग्रॅम शेवाळ वाढू शकते. शेवाळ मरून तळाशी कुजते, कुजताना खालच्या थरातील प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू संपला की तळाच्या गाळाने धरून ठेवलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. त्यामुळे वरून येणारी घाण आज थांबवली, तरी तलाव कित्येक वर्षे आपल्याच पोटातल्या साठ्यावर शेवाळ वाढवत राहतो. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आधी बिघडू द्यावे आणि मग सुधारावे ही आपली नेहमीची रीत येथे चालत नाही.

अंबाझरी तलाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. १८७० साली नाग नदीवर बांधलेला हा तलाव एकेकाळी शहराला पिण्याचे पाणी पुरवीत असे. आज त्याचे पाणी कोणी पिण्यासाठी मागत नाही, आणि जलपर्णी काढण्याचे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. वरच्या अंगाला पाणी मुरण्याची जागा आटली, की तीच उणीव उन्हाळ्यात टंचाईच्या आणि पावसाळ्यात पुराच्या रूपाने दिसते.

म्हणून तलावाच्या पाळीवर फिरण्याचा रस्ता, दिवे आणि बाके बसवली, की तलाव राखला असे मी मानत नाही. काठ सुंदर असावेत, यात वाद नाही. पण तलावाचे पाणी काठावर ठरत नाही, ते वरून येणाऱ्या लहान लहान ओहोळांत आणि नाल्यांत ठरते. गोरेवाड्याच्या सुदैवाने त्याच्या भोवती सुमारे १,९०० हेक्टर वनक्षेत्र आहे. ते जंगल हे या तलावाचे पहिले शुद्धीकरण केंद्र आहे, आणि त्याच्या बाहेरच्या नाल्यांनाही तसेच काही मिळाले पाहिजे : दोन्ही काठांवर न खोदलेला, न बुजवलेला, गवताचा आणि झाडांचा पट्टा, ज्यात उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन यांची मुळे माती धरून ठेवतील.

प्रश्न : आमच्या लेआऊटमध्ये अजून गडर लाईन आलेली नाही. प्रत्येक घराचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे. यातून तलावाला धोका आहे काय, आणि आम्ही काय करावे?
— एक वाचक

उत्तर : धोका आहे, आणि आपल्या भागात तो दोन उलट कारणांनी आहे. पश्चिम नागपूर काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या थरांवर वसले आहे. जिथे वर काळी माती जाड आहे, तिथे ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी मुरू देत नाही. मग शोषखड्डा भरून वर येतो आणि सांडपाणी नालीतून नाल्यात जाते. जिथे मातीचा थर पातळ आहे, तिथे पाणी मुरुमातून खालच्या खडकाच्या भेगांत इतक्या झपाट्याने उतरते, की मातीला ते गाळण्याची सवडच मिळत नाही आणि जवळपासच्या विहिरी, बोअर आधी बिघडतात.

टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या, आणि उपसणाऱ्या गाडीने मैला कुठे नेला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. रात्री नाल्यात ओतलेली एक गाडी अनेक घरांच्या काळजीवर पाणी फिरवते. गच्चीचे पावसाचे पाणी टँकमध्ये कधीही सोडू नका. ते वेगळ्या खड्ड्यात मुरवा. अंगणातील सगळी जागा फरशीखाली घालू नका. बांधकाम सुरू असेल तर पाया खोदण्याचे काम पावसाआधी उरका, मुरूम आणि वाळूच्या ढिगांवर ताडपत्री घाला, आणि उताराच्या बाजूला मातीने भरलेल्या पोत्यांचा बांध द्या. ही सर्व कामे एका कुटुंबाच्या आवाक्यातली आहेत, पण लेआऊटने एकत्र ठराव करून केली तरच नाल्यात फरक दिसेल.

एक गोष्ट अनेक वाचक विचारतात, म्हणून येथेच सांगतो. हिरवा तवंग असलेल्या तलावाचे पाणी उकळून प्यावे काय? पिऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, पण काही निळ्या-हिरव्या शेवाळांचे विष उकळण्याने नष्ट होत नाही.

प्रश्न : तलावांसाठी कायदा आहे असे ऐकतो. मग आम्ही तक्रार नेमकी कशाच्या आधारे करावी?
— एक वाचक

उत्तर : बहुतेक लोक २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांकडे बोट दाखवतात आणि तेथेच फसतात. त्या नियमांच्या व्याख्येतून खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले मानवनिर्मित तलाव वगळलेले आहेत. ज्या तलावाचे पाणी आपण पितो, त्यालाच हे संरक्षण लागू होत नाही, याचे मला वाईट वाटते. पण अर्ज लिहिताना हे माहीत असलेले बरे. हैदराबादने याहून वेगळी वाट धरली होती. उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांभोवती १० किलोमीटरच्या टापूत बांधकामावर कडक बंधने घालणारा आदेश तेथे १९९६ साली निघाला. २०२२ मध्ये राज्य सरकारने ती बंधने उठवण्याचा निर्णय घेतला. नुसत्या आदेशावर विसंबता येत नाही, त्यामागे लोक उभे असावे लागतात.

आपल्यासाठी दोन आधार पक्के आहेत. पहिला, १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याचे कलम २४ : ओढ्यात, नाल्यात किंवा विहिरीत जाणूनबुजून घाण सोडणे त्याने निषिद्ध आहे, आणि याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. दुसरा, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा : विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कोणीही नागरिक हरकत आणि सूचना नोंदवू शकतो. ‘तलाव वाचवा’ एवढेच लिहिलेल्या हरकतीचे फारसे काही होत नाही. सर्व्हे नंबर लिहा, जुन्या गावनकाशात तिथे दाखवलेला नाला आणि आजची जागा शेजारी शेजारी दाखवा, पावसात काढलेले तारखेचे छायाचित्र जोडा, आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर मोकळा पट्टा आराखड्यात रेषेने आखून मिळावा, अशी एकच मागणी करा. नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केल्यावर मिळते.