सभापतीपदाचा अर्ज भरण्याआधी

प्रिय बेटा,

सोडतीत तुमच्या पंचायत समितीचं सभापतीपद महिलेसाठी राखीव निघालं आणि तुझं नाव पुढे आहे, हे कळलं. फार आनंद झाला. उभी नोकरी मी नागपूर जिल्ह्यातल्या पंचायत समित्यांमध्ये काढली, म्हणून हक्काने लिहितो.

सभापतीला जनता थेट निवडत नाही. गणागणांतून, म्हणजे समितीच्या मतदारसंघांतून, आलेले सदस्यच विशेष सभेत आपल्यातून एकाला निवडतात. मतं समसमान पडली तर चिठ्ठी. म्हणून तर सभेच्या आधी सदस्यांना गाडीत बसवून सहलीला नेतात. तू नेऊ नकोस आणि जाऊही नकोस. त्यापेक्षा एकेका सदस्याच्या घरी जा, त्याच्या गणातलं अडलेलं काम विचार, वहीत उतरव. पक्षाचा व्हीप, म्हणजे मतदानाचा आदेश, मात्र मोडू नकोस, 1986 च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्वच जाऊ शकतं.

मुदत अडीच वर्षांची. सत्कार-उद्घाटनांत ती कधी सरते कळत नाही. 1961 च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती कायद्यात सभापतीला एक मोठा अधिकार आहे, त्याकडे फार थोडे बघतात. गटात, म्हणजे समितीच्या हद्दीत, काम करणाऱ्या अधिकाऱ्याकडून माहिती, हिशेब, अहवाल मागवता येतो आणि चालू कामावर जाऊन पाहणी करता येते. पांदण रस्त्याचं काम सुरू असेल तर मोजमाप पुस्तिका मागव आणि टेप घेऊन जा. पुस्तिकेत मुरमाचा थर जेवढा लिहिलाय तेवढा आहे का, ते एका जागी कुदळीने खणून बघ. पावसाळ्यात कास्तकाराची बंडी तिथेच फसते. तू एकदा खणलंस की पुढच्या कामावर ठेकेदार थर पुरा टाकेल.

मासिक सभेत मागचं इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, कायम करण्याचा विषय मिनिटभरात उरकतात. तिथेच थांब. ठराव झाला तसाच लिहिलाय का, वाच. अनुपालनात, म्हणजे ठरावावर पुढे काय केलं त्या नोंदीत, नुसतं ‘कार्यवाही सुरू आहे’ असेल तर तारीख विचार. गटविकास अधिकारी सभेचे सचिव असतात. त्यांच्याशी वैर धरू नकोस, पण मागायचं ते लेखी माग. सभापती म्हणून तू जिल्हा परिषदेचीही सदस्य होशील. सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेच्या सभेला जाताना उन्हाळ्यातल्या टँकरच्या गावांची यादी पर्समध्ये असू दे.

आणि एक रोखठोक. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी कितीतरी दालनांत सभापतींच्या शेजारी यजमानांची खुर्ची लागते. ती पहिल्याच दिवशी बाहेर काढायला सांग. जावईबापूंना वाईट वाटलं तर मी समजावतो. फलकावर नंबर तुझाच हवा, आणि फोन तूच उचल.

अर्ज भरण्याआधी रविवारी घरी ये. मागच्या वर्षाची इतिवृत्तं सोबत आण, बसून वाचू.

सस्नेह आशीर्वाद,
तुझा काका