सही तुमचीही आहे

ताई, आम्ही वसईचे. आमच्या बचत गटाच्या हिशेबात 4,200 रुपये कमी भरले. ठपका खजिनदारावर, म्हणजे माझ्या शेजारणीवर आला आणि तिला गटातून काढलं. पैसे अध्यक्षबाईंनी उसने नेले होते हे मला ठाऊक होतं. 'ती तसली नाही' असं मी सभेत दोन-तीनदा म्हटलं. तिला काढायच्या ठरावावर बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या म्हणून मीही केली. आता ती माझ्याशी बोलत नाही, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. मी तर तिचीच बाजू घेतली होती! उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या मरणयात्रेतल्या एकेका स्थानापाशी थांबून करायच्या प्रार्थनेला जाते, तर पहिल्या स्थानापासूनच रडू येतं. मन शांत व्हावं म्हणून कोणती नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करू?

प्रिय भगिनी,

नोव्हेनाचं राहू द्या. 'म्हणून मीही केली' या तीन शब्दांपाशी मी अडले आहे.

पहिलं स्थान पिलाताच्या निवाड्याचं, येशूला मरणाची शिक्षा देणाऱ्या त्या रोमन सुभेदाराच्या. घरी लूकच्या शुभवर्तमानाचा 23वा अध्याय काढा आणि सावकाश वाचा. येशूबद्दल, या माणसात मला काही दोष सापडत नाही, असं पिलात तीनदा सांगतो. त्या नीतिमानाच्या वाटेला जाऊ नका, असा त्याच्या बायकोचाही निरोप आला होता, तो मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. खरं काय ते त्याला कळलं होतं, त्याने ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. मग लोक म्हणाले, याला सोडलंस तर तू कैसराचा, म्हणजे रोमच्या सम्राटाचा मित्र नाहीस. तिथे त्याचे पाय लटपटले. पाणी मागवलं, सगळ्यांदेखत हात धुतले आणि येशूला क्रुसावर द्यायला सोपवून दिलं. 'मी तर त्याचीच बाजू घेतली होती' असं पिलातही म्हणू शकला असता, बाई. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आपण विश्वास प्रकट करतो, त्यात येशूविरुद्ध उठलेल्या प्रमुख याजक कयफाचं नाव येत नाही. पिलाताचं येतं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचं. क्रुसावर लावायची पाटी त्याने हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहून घेतली : यहुद्यांचा राजा. मुख्य याजक मजकूर बदला म्हणायला आले, तर म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. म्हणजे या माणसाला ठाम राहता येत होतं! पाटीसाठी आला तो ठामपणा सकाळी त्या जिवासाठी का नाही आला?

शेजारीण बोलत नाही म्हणता. काय बोलावं तिने? ठरावाखाली तिने तुमचं नाव वाचलं असेल.

तुमचं रडू खरं आहे, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच सांगते, ते चर्चमध्ये संपवू नका. पुढच्या मासिक सभेत इतिवृत्ताची वही उघडा आणि त्याच ठरावाखाली स्वतःच्या हाताने लिहा : पैसे कोणी नेले हे मला ठाऊक होतं, हा ठराव चुकीचा आहे, माझी सही मी मागे घेते. तारीख घाला. मग मोठ्याने वाचून दाखवा. आधी तिच्या घरी गुपचूप माफी मागायला जाऊ नका. तिला चोर ठरवलं ते सगळ्या बायांसमोर, तेव्हा पुसायचंही त्यांच्यासमोरच. अध्यक्षबाई चिडतील, कदाचित तुम्हालाही काढतील. तरी लिहा.

वही बहुधा त्यांच्याच कपाटात असेल. आदल्या दिवशी मागून ठेवा, आणि पेन घरून न्या.