एकट्याने गाणं लिहून, वाजवून, प्रोड्यूस करून लेबलशिवाय (म्हणजे रेकॉर्ड कंपनीशिवाय) करिअर करता येतं का?

प्रश्नकर्ते पुण्यात आयटीत आहेत, गिटार, कीबोर्ड आणि कहॉन (ज्यावर बसून हाताने वाजवतात तो लाकडी खोका) वाजवतात, गाणी स्वतः लिहितात, गातात, रात्री लॅपटॉपवर प्रोड्यूस करतात आणि आता एक म्युझिक कंपनी त्यांची तीन गाणी एकरकमी पैसे देऊन मागतीये. तर त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे गाणी देऊन टाकू का आणि दुसरं असं एकट्याने कुणी खरंच निभावलंय का.

मी जिंगल्स आणि सिरियलचं बॅकग्राउंड करते, घरातल्याच एका खोलीत सेटअप आहे. दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण पहिल्याचं त्यातूनच निघतं.

हो, निभावलंय. अशा प्रश्नाला आजकाल सगळे, सगळी वाद्यं स्वतःच वाजवणाऱ्या जेकब कॉलियरचं नाव घेतात, पण त्याला बघून आपल्यासारख्याला फक्त न्यूनगंड येतो बाकी काही नाही. मी इमोजन हीपचं नाव घेईन. इंग्लंडची गायिका-संगीतकार, जन्म १९७७ चा. लहानपणी पियानो, चेलो, क्लॅरिनेट असं रीतसर शिकली. बोर्डिंग शाळेत संगीताच्या सरांशी पटेना, मग एका छोट्या खोलीत अटारी कॉम्प्युटर होता त्याच्याशी खेळत बसायची आणि तिथेच सिक्वेन्सिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर सूर-ताल रचून वाजवणं, शिकली. म्हणजे वाद्यं आणि मशीन हे दोन्ही तिच्या हातात एकदमच आलं, ते पुढे फार कामाला आलं.

पहिला करार अठराव्या वर्षी, आल्मो साउंड्स नावाच्या लेबलशी. १९९८ ला पहिला अल्बम आला आणि थोड्याच काळात ते लेबलच युनिव्हर्सलच्या पोटात गेलं आणि ही बाई बिनलेबलची उरली. मग गाय सिग्सवर्थ या प्रोड्यूसरबरोबर फ्रू फ्रू नावाची जोडी केली, २००२ ला एक अल्बम, तो काही फार चालला नाही, जोडी थांबली. गंमत म्हणजे त्यातलं ‘लेट गो’ २००४ ला गार्डन स्टेट सिनेमात आलं आणि लोकांना तेव्हा कळलं की असा काही अल्बम होता! पण तोपर्यंत इकडे दुकान बंद.

आता खरी गोष्ट सुरू होते. २००३ च्या शेवटाला तिने ठरवलं की पुढचा अल्बम स्वतःच्या पैशाने करायचा, त्यासाठी लंडनमधल्या फ्लॅटवर नव्याने कर्ज काढलं आणि स्वतःला एक वर्षाची मुदत घालून घेतली. लिहिणं, गाणं, प्रोग्रॅमिंग, प्रॉडक्शन, जवळपास सगळं एकटीने (एका गाण्यात नावाजलेला गिटारवादक जेफ बेकची गिटार आहे, ओळखी चांगल्या असल्या की असं होतं). अल्बमचं नाव ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’, २००५ मध्ये मेगाफोनिक या स्वतःच्याच लेबलवर काढला आणि अमेरिकेत मोठ्या कंपनीला लायसन्सवर दिला. लायसन्सवर दिला हे नीट वाचा, म्हणजे वापरायला दिला, विकला नाही.

यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘हाइड अँड सीक’ आणि ते कसं झालं हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगते. काम चालू असताना तिचा कॉम्प्युटर उडाला. घरी जायच्या आधी काहीतरी करून जावं म्हणून समोर पडलेला डिजिटेकचा एक हार्मनायझर घेतला, त्यात माइक लावला, कीबोर्ड जोडला आणि मिनिडिस्कच्या फोर ट्रॅकवर (छोट्या डिस्कवर चार ट्रॅक घेणारं रेकॉर्डर) रेकॉर्डिंग चालू केलं. हे यंत्र असं चालतं की तुम्ही एकच सूर गायचा आणि हाताने कीबोर्डवर जी कॉर्ड धराल त्या कॉर्डमधल्या सगळ्या सुरांत तुमचाच आवाज एकदम ऐकू येतो, सूर सोडला की आवाज तुटतो, बोट सरकवलं की सगळा कोरस सरकतो. तिने जे सुचेल ते गात त्यावर पाचेक मिनिटांचा टेक घेतला. बीट नाही, बास नाही, गिटार नाही, काहीच नाही. इतकी वाद्यं येणाऱ्या बाईचं सगळ्यात मोठं गाणं म्हणजे एक आवाज आणि एक डबा.

आता हे मी का सांगतीये, कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही तीन वाद्यांचा उल्लेख दोनदा केलाय. चांगलंच आहे ते, खर्च वाचतो, स्टुडिओत चार माणसांच्या वेळा जुळवत बसावं लागत नाही, मध्यरात्री सुचलं तर मध्यरात्री वाजवता येतं. पण करिअर त्याने होत नाही. सगळं स्वतः वाजवण्याचा खरा फायदा वेगळाच आहे, तो असा की रेकॉर्डिंग पूर्ण झाल्यावर त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा शिल्लक राहत नाही. हा फायदा पहिल्या वर्षी दिसतच नाही, तो दिसायला वेळ लागतो आणि नेमकं त्या आधीच लोक गाणी देऊन टाकतात.

बघा तिचं काय झालं. अल्बम येण्याच्या आधीच मे २००५ मध्ये ‘हाइड अँड सीक’ द ओ.सी. या अमेरिकन सिरियलच्या सीझनच्या शेवटच्या भागात वाजलं आणि रातोरात शोधाशोध सुरू झाली. २००९ मध्ये जेसन डेरुलोने त्याचाच तुकडा घेऊन ‘व्हॉटचा से’ केलं, ते अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि गीतकारांच्या यादीत हिचं नाव लागलं. २०१८ मध्ये अरियाना ग्रांडेने त्याच अल्बममधलं ‘गुडनाइट अँड गो’ नव्याने केलं. आणि मग २०२४ च्या शेवटाला त्याच अल्बममधलं ‘हेडलॉक’ टिकटॉकवर उचललं गेलं (आपल्याकडे २०२० पासून बंद आहे ते, म्हणून आपल्याला उशिरा कळलं), म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, आणि ते ऐकणारी अर्धी पोरं ते रेकॉर्ड झालं तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती. यातलं एकही तिने प्लॅन केलेलं नव्हतं. कोण प्लॅन करणार असलं!

इथे एक तांत्रिक भाग आहे तो समजून घ्या, कंटाळवाणा आहे पण सगळा पैसा तिथेच आहे. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ते रेकॉर्डिंग, ज्याला आपण मास्टर म्हणतो. कुणी तुमचं गाणं स्वतः पुन्हा गायलं तर फक्त पहिल्याचे पैसे होतात. कुणी तुमच्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलून वापरला, किंवा सिरियलमध्ये, जाहिरातीत तुमचंच रेकॉर्डिंग लावलं, तर दोन्हीची परवानगी लागते आणि दोन्हीचे पैसे होतात. फ्लॅटमध्ये एकट्याने बसून केलेल्या गाण्यात हे दोन्ही खिसे तुमचेच असतात, करारावर सही करून एखादा शिवून टाकला नाहीत तर.

आपल्याकडेही कायदा वाटतो तितका वाईट नाहीये. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा केला की तो सही करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही, कंपनीने गाणं वापरून कमावलं तर बरोबरीचा वाटा द्यावा लागतो. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या न विसरता लिहितात, ‘इन परपेच्युइटी’ (कायमचं) आणि ‘थ्रूआउट द युनिव्हर्स’. युनिव्हर्स म्हणजे खरंच युनिव्हर्स, मंगळावर सुद्धा तुमचं गाणं त्यांचंच. मात्र रॉयल्टीचं हे संरक्षण शब्द आणि चालीला आहे. मास्टर एकदा कायमचं विकलात की विकलात, त्याच्या मालकाला हा बरोबरीचा वाटा मिळत नाही. माझ्या एका मैत्रिणीने एका जाहिरातीसाठी एकरकमी गाणं दिलं, त्या पैशात तिचा मायक्रोफोन आला, ती खूश होती, मग ते गाणं त्या ब्रँडच्या प्रत्येक सणाला, रेडिओवर, मॉलमध्ये, कॉलर ट्यूनवर वर्षानुवर्षं वाजत राहिलं आणि आता ते लागलं की ती चॅनल बदलते.

पुन्हा हीपबाईंकडे, कारण नुसत्या रॉयल्टीवर ती जगली असं चित्र उभं राहायला नको. २००९ चा अल्बम ‘एलिप्स’ तिने ज्या घरात लहानाची मोठी झाली त्याच घराच्या तळघरात स्टुडिओ बांधून केला, काम चालू असताना त्याचे व्हिडिओ चाहत्यांना दाखवत राहिली, आणि त्याला ग्रॅमी मिळालं ते इंजिनिअरिंगचं. गायिकेचं नाही, साउंड इंजिनिअरचं. मला या बाईबद्दल सगळ्यात आदर याचा वाटतो. मग दुसऱ्यांची कामं, टेलर स्विफ्टच्या ‘१९८९’ मधलं ‘क्लीन’ हिने तिच्याबरोबर लिहिलं आणि प्रोड्यूस केलं, हॅरी पॉटरच्या नाटकाचं संगीत केलं. भारतातही आली होती, द ड्युअरिस्ट्स नावाच्या शोसाठी २०११ मध्ये विशाल-शेखरबरोबर टागोरांच्या कवितेवरून एक गाणं केलं, ते पुढे तिच्या ‘स्पार्क्स’ अल्बममध्येही आहे.

आणि पैसे घालवलेसुद्धा भरपूर. हाताच्या हालचालीवर आवाज बदलणारे हातमोजे बनवायला इंजिनिअर लोकांची टीम लावली, मूठ वळली की लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) रेकॉर्ड, हात वर नेला की रिव्हर्ब (आवाजाची घुमट) वाढतो असं ते. त्यावर वर्षं गेली. २०१५ ला ब्लॉकचेनवर (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनामागचं तंत्र) एक गाणं विकायला काढलं, केवढा गाजावाजा, कमाई अगदीच किरकोळ. मला विचाराल तर मोज्यांचं वेड मला पटतं आणि ब्लॉकचेनचं नाही, पण तिचे पैसे तिचं डोकं, लेबल असतं तर दोन्हीतलं एकही करू दिलं नसतं.

तुम्ही म्हणाल तिचं ठीक आहे. बरोबर आहे, कर्ज काढायला आधी फ्लॅट हवा ना नावावर! चांगलं शिक्षण, कोवळ्या वयात मॅनेजर आणि करार, लंडन शहर, हे सगळं तिच्या बाजूने होतं. त्यामुळे कृपा करून हे वाचून आईवडिलांच्या टूबीएचकेवर कर्ज काढायला जाऊ नका. तुमचा फ्लॅट म्हणजे तुमची नोकरी आहे, ती सध्या तुमची रेकॉर्ड कंपनी समजा, दर महिन्याला ॲडव्हान्स देते आणि मास्टर मागत नाही (आयटी कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर मात्र एकदा वाचा, काहींमध्ये बाहेरच्या कामाबद्दल कलम असतं).

आता ती तीन गाणी. एकरकमी तिन्ही देऊ नका. त्यांना सांगा की लायसन्सवर देतो, मुदत ठराविक वर्षांची, प्रदेश कुठला ते लिहून, आणि नंतर मास्टर परत माझ्याकडे. बऱ्याचदा सरळ नाही म्हणतात, मग मी असते तर तीनपैकी सगळ्यात कमी आवडणारं एक दिलं असतं, चांगले पैसे घेऊन, नाव लागलंच पाहिजे या अटीवर, आणि उरलेली दोन डिस्ट्रिब्यूटरमार्फत (गाणी ऐकायच्या ॲप्सवर पोहोचवणारी कंपनी) स्वतः टाकली असती. वर्षाची थोडी फी असते किंवा कमाईत टक्का घेतात, आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तेच देतात. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, हे लोक आळसाने करत नाहीत आणि मग पैसे येत नाहीत म्हणून रडतात. सही करायच्या आधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला करार दाखवा, दुसऱ्या कुठल्या नको, माझ्या ओळखीतले एक वकीलकाका जमिनीचे दावे उत्तम लढतात पण मास्टर म्हटलं की त्यांना शाळा आठवते.

आणि प्रोजेक्ट फाइल्स, स्टेम्स (आवाज आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, उद्या कुणी जाहिरातीसाठी फक्त इन्स्ट्रुमेंटल मागितलं तर अर्ध्या तासात देता आलं पाहिजे, ते लोक थांबत नाहीत. एखाद्या गाण्यात मित्राने बासरी वाजवली असेल किंवा मैत्रिणीने कोरस दिला असेल तर त्यांच्याकडून आत्ताच दोन ओळींचा मेल घेऊन ठेवा, किती मानधन मिळालं आणि पुढे वाटा आहे की नाही, मैत्री चांगली आहे तोवर.